आठवा स्क्रू

मापसाहेबांनी स्पीकर घरी बनवायला घेतले यात त्यांच्या बायकोचा काडीचाही दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे आठवडाभर ते भेटेल त्याला "हिच्यामुळेच" असं ऐकवत होते. बायको बिचारी फक्त एवढंच म्हणाली होती की आपला रेडिओ तळहाताएवढा, त्यावर चेलो काय ऐकू येणार?

ते मात्र खरं होतं. त्यांची मुलगी रविवारी सकाळी अकरा वाजता रेडिओवर पहिल्यांदाच एकटीने चेलो वाजवणार होती, चांगली वीस मिनिटं. चेलो म्हणजे खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांमध्ये उभं धरून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन. नऊ वर्षं मुलीने ते घरात वाजवलं होतं आणि नऊ वर्षं शेजाऱ्यांनी जिन्यात भेटल्यावर "अजून चालू आहे का हो?" असं काळजीने विचारलं होतं. त्याच्या खालच्या तारांचा आवाज असा, की कपाटातल्या पेल्यांनाही कळावा. छोट्या रेडिओवर तोच आवाज डबीत अडकलेल्या माशीसारखा यायचा. मुलगी आता शिकायला दुसऱ्या गावी होती, आणि बापाने तिला डबीतून ऐकायचं हे मापसाहेबांना मुळीच मान्य नव्हतं.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. नाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. गेली सव्वीस वर्षं ते दुकानदारांचे तराजू, मापटी आणि पट्ट्या तपासत होते. इंच, फूट असली मापं खात्याने कधीच बाद केली होती आणि मापसाहेबांनी ती मनातूनही बाद केली होती. जुन्या बाजारातून त्यांनी जे दोन वूफर आणले, म्हणजे स्पीकरमधल्या खर्जाच्या त्या मोठ्या गोल तबकड्या, त्यांना सगळं जग आठ इंची म्हणतं. मापसाहेब दोनशे तीन मिलिमीटर म्हणत. खोकी सुताराकडून करून घेतली. प्रत्येक वूफरला आठ भोकं, म्हणून सोळा स्क्रू आणि लाकडात ठोकून बसवायचे सोळा लोखंडी नट वूफरबरोबरच आले होते. उरलं होतं फक्त पिळणं.

आदल्या रविवारी दुपारी त्यांनी डावा स्पीकर पुरा केला. आठच्या आठ स्क्रू असे बसले की मापसाहेबांनी बायकोला स्वयंपाकघरातून दोनदा बोलावून ते दाखवले. उजव्याचेही सात बसले. आठव्याला स्क्रूड्रायव्हर निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा मापसाहेबांनी सगळं वजन टाकलं आणि स्क्रूच्या डोक्यावरची फुली जाऊन तिथे एक गुळगुळीत खळगा झाला. मग पक्कड आली. पकडीने स्क्रू बाहेर निघाला, पण येताना त्याचे अर्धे आटे चेपून गेले.

"सात लागलेत ना? पुरे झाले की," बायको म्हणाली.

पुरे झाले नव्हते. रेडिओ जोडून पाहिला तेव्हा निवेदकाचा आवाज झकास आला, पण मागे ढोल सुरू होताच उजव्या स्पीकरमधून भर्र असा आवाज निघाला. आठव्या भोकापाशी वूफरची कड उचलली जात होती आणि फटीतून हवा सुटत होती. तिथे बोट दाबलं की भर्र बंद, सोडलं की चालू.

"मग एकच लावा. डावा," बायकोने सुचवलं.

"एकच बाजू ऐकून घ्यायची माझ्या खात्यात पद्धत नाही," मापसाहेब म्हणाले. शिवाय त्यांनी मुलीला फोनवर सांगून ठेवलं होतं की तुझा कार्यक्रम मी बनवलेल्या जोडीवर आम्ही ऐकणार आहोत. ती हसून "बाबा, खरंच?" म्हणाली होती. त्या "खरंच"मधली शंका मापसाहेबांना दोन दिवस टोचत होती. या घरात त्यांनी हाताने करायला घेतलेलं पुस्तकांचं फडताळ, पाळण्याची दुरुस्ती आणि दाराची घंटा अशी तीन कामं अर्धवट राहिल्याचा इतिहास होता, आणि मुलगी त्या तिन्हींची साक्षीदार होती.

हा सगळा भर्र वरच्या मजल्यावर पोचला होता. तिथून अप्पा खाली आले. अप्पा आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. आता बांधायला पूल नसल्यामुळे ते लोकांच्या कामांवर सल्ले बांधत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सात स्क्रू मोजले, रिकामं भोक पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"मापसाहेब, पुलाचा एक बोल्ट ढिला असला ना, तर पूल लगेच पडत नाही."

"मग?"

"उद्घाटनाच्या दिवशी पडतो."

एवढा धीर दिल्यावर त्यांनी सल्ला दिला: नमुन्याचा स्क्रू घेऊन दुकानात जा आणि हुबेहूब तसाच आणा. सल्ला सरळ होता आणि बायकोने तो मोडका स्क्रू लगेच कागदात बांधायलाही घेतला. पण मापसाहेबांनी हात वर केला.

"नमुना अखंड असावा लागतो. चेपलेला नमुना बाद."

"अहो, दुकानात दाखवायचाय, कोर्टात नाही!"

पण सव्वीस वर्षांची सवय. मापसाहेबांनी उजव्या स्पीकरचा एक चांगला, बसलेला, कुणाला काही त्रास न देणारा स्क्रू उलटा फिरवून बाहेर काढला, पाकिटात घातला, पाकिटावर तारीख टाकली आणि खाली सही केली. मोडका स्क्रू केरात गेला. दुपारी एक भोक रिकामं होतं, संध्याकाळी दोन झाली.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ते हार्डवेअरच्या दुकानात शिरले. आत शिरताच एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. दुकानदाराने त्यांना पाहून गल्ल्यावरून उडीच मारली. एक लाकडी पट्टी फळीमागे गेली, एक डबा पायाने टेबलाखाली सरकला आणि दुकानदार हात जोडून उभा राहिला.

"या साहेब! तपासणी? अजून तर सहा महिने झाले नाहीत."

आता इथे "तपासणी नाही हो, मला एक स्क्रू हवाय, आणि तो किती मापाचा आहे हे मला ठाऊक नाही" असं म्हणायला काही हरकत नव्हती. पण वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने दुकानदाराला माप विचारायचं? मापसाहेबांची जीभ रेटेना. त्यांनी पाकीट उघडून स्क्रू पुढे धरला आणि गंभीरपणे विचारलं, "हा किती मापाचा आहे, सांगा."

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं, परीक्षा. त्याने स्क्रू बोटांत फिरवला, एक डोळा मिटला आणि जगातलं सगळ्यात सुरक्षित उत्तर दिलं. "चार मिलिमीटर, साहेब. शंभर टक्के मिलिमीटर."

"असेच दोन द्या."

दुकानदाराने अख्खं पाकीट दिलं आणि मापसाहेब दाराबाहेर पडेपर्यंत हात जोडून ठेवले.

घरी येऊन त्यांनी नवा स्क्रू मूळच्या रिकाम्या भोकात लावला. दोन फेरे लोण्यासारखा गेला. तिसऱ्या फेऱ्याला अडला. इथे थांबायला हवं होतं, हे तुम्हाआम्हाला कळतं. मापसाहेब बायकोला म्हणाले, "नवीन आहे, जरा कडक जाणारच," आणि त्यांनी दोन्ही हातांनी पिळलं. आतून कट्ट असा आवाज झाला आणि स्क्रू एकदम हलका फिरायला लागला. कितीही फिरवा, फिरतच होता, पण आतही जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. लाकडातला नट सुटून स्क्रूबरोबर गरगरत होता. स्क्रूचं डोकं वूफरच्या वर अर्धा सेंटिमीटर उभं राहिलं.

अप्पा खाली आलेच. त्यांनी स्क्रू बोटाने फिरवून पाहिला आणि दोन मिनिटं मौन पाळलं.

"आटे जुळत नव्हते. तुम्ही मोजलं कशाने?"

मोजलं नव्हतंच. दुसऱ्यांचं मोजण्यात जन्म गेला आणि घरचा एक स्क्रू दुकानदाराच्या एका डोळ्यावर सोडला, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्या रात्री जेवताना बायकोने विचारलं तर म्हणाले, "उद्या प्रयोगशाळेत मोजतो."

खात्याच्या प्रयोगशाळेत मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं उपकरण होतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे सरकारचं एक मिनिटही न घेता, मापसाहेब पाकीट घेऊन तिथे गेले. दाराशी भांडारपाल बाई बसत. बाईंच्या रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय प्रयोगशाळेत टाचणीसुद्धा जात नसे.

"वस्तू?"

"स्क्रू. एक."

"कोणाचा?"

"माझा."

बाईंनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. "साहेब, 'माझा' असा रकानाच नाही. जप्त, तक्रारदाराचा आणि न्यायालयाचा, तीनच रकाने आहेत. यातला कुठला?"

"अहो बाई, घरचा स्क्रू आहे. मोजतो आणि नेतो."

"आत गेलेली वस्तू रकान्याशिवाय बाहेर येत नाही. परिपत्रक आहे." बाईंनी परिपत्रक काढून दाखवलं. खाली सही मापसाहेबांचीच होती. आठ वर्षांपूर्वी कोणीतरी प्रयोगशाळेत घरच्या बांगड्यांचं वजन करून नेलं होतं, तेव्हा संतापून त्यांनीच ते लिहिलं होतं. भाषा इतकी कडक होती की वाचताना त्यांना स्वतःचाच धाक वाटला. त्यांनी 'जप्त'खाली बोट ठेवलं.

मोजणी चोख झाली. अहवालही लगेच मिळाला: जाडी चार दशांश एक सहा मिलिमीटर, आटे मिलिमीटरचे नसून इंचाचे, शेरा: अप्रमाणित. मापसाहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. इंच! ज्या मापाच्या मागे ते सव्वीस वर्षं हात धुऊन लागले होते, ते त्यांच्याच दिवाणखान्यात सोळा भोकं करून बसलं होतं.

"बरं, स्क्रू द्या."

"जप्त आणि वर अप्रमाणित," बाई लाख वितळवत म्हणाल्या. "तीस दिवस मोहोरबंद. तोपर्यंत मालकाने अर्ज केला तर सुनावणी."

"मालक मीच आहे!"

"आणि जप्त करणारा अधिकारी?"

तोही तेच होते. स्वतःविरुद्ध स्वतःसमोर सुनावणी घेता येते का, यावर परिपत्रकात काही नव्हतं. बाईंनी "वरून मार्गदर्शन मागवू" असं म्हणून पाकिटावर शिक्का दाबला. मापसाहेबांना त्यांचा राग आला नाही, उलट खात्यात अशी माणसं हवीत असंच वाटलं. तरीही जिना उतरताना त्यांना रडू फुटायचं बाकी होतं.

बुधवार आणि गुरुवार त्यांनी गावातली बाकीची चार दुकानं पालथी घातली. चारही दुकानांत त्यांना ओळखत होते आणि चारही दुकानांत इंचाचं नाव काढताच लोकांनी कानांवर हात ठेवले. एकाने तर "इंच म्हणजे काय हो साहेब?" असं इतक्या निरागसपणे विचारलं की मापसाहेबांना आपल्या कामाचा अभिमान आणि पश्चात्ताप एकाच वेळी झाला. शुक्रवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, झाले का स्पीकर?"

"होत आले. थोडंसं राहिलंय."

ती म्हणाली, "असू दे बाबा. छोट्या रेडिओवर ऐकलंस तरी चालेल हं मला." ती अगदी प्रेमाने म्हणाली, आणि म्हणूनच मापसाहेबांना ते सहन झालं नाही. त्यापेक्षा ती फडताळावरून चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी ते पुन्हा पहिल्या दुकानात गेले. दुकानदार उठून उभा राहिला.

"इंची आट्यांचे दोन स्क्रू हवेत," मापसाहेब म्हणाले.

"आपल्याकडे असला माल नसतो, साहेब. पाच वर्षांपूर्वी तुम्ही काढायला लावलात, त्या दिवसापासून इंच पाहिला नाही मी."

"मी तपासणीला आलेलो नाही."

"तसंच म्हणतात, साहेब."

गिऱ्हाइकं वळून बघत होती. मापसाहेबांनी खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर पालथं ठेवलं. "हे बघा," ते म्हणाले, आणि मग जे सोमवारी जिभेवर आलं नव्हतं ते सगळं एका दमात बाहेर पडलं. "मला यातलं काही कळत नाही. मी माप न घेता स्क्रू पिळला आणि नट मोडला. चांगला स्क्रू होता तो माझ्याच ऑफिसने जप्त केला. उद्या अकरा वाजता माझी मुलगी रेडिओवर पहिल्यांदा वाजवणार आहे. तिला मी सांगून बसलोय. माझ्या हातून घरात आजवर एक काम धड झालेलं नाही, आणि तिला ते माहीत आहे."

दुकानदाराने वाकून टेबलाखालचा डबा बाहेर काढला आणि झाकण उघडलं. आत इंचांचं अख्खं साम्राज्य सुखाने नांदत होतं.

"चार मिलिमीटर सांगितलं ती माझीच चूक, साहेब. मला तेव्हाच दिसत होतं, इंचाचा आहे. पण तुमच्या तोंडावर इंच कोण म्हणणार?" त्याने दोन स्क्रू निवडून दिले. "काय वाजवते मुलगी?"

"चेलो. या ना उद्या ऐकायला." हे आमंत्रण आपण का दिलं ते मापसाहेबांनाही कळलं नाही.

नमुन्याच्या भोकात नवा स्क्रू असा गेला की मापसाहेबांनी डोळे मिटून घेतले. राहिलं ते मूळचं भोक. अप्पांनी करवतीच्या पात्याने तो उभा स्क्रू कापून काढायला शनिवारची दुपार घेतली. स्क्रू निघाला, पण मोडका नट लाकडाचा भुगा घेऊन आत पडला आणि भोक एवढं मोठं झालं की त्यात बोट जावं. आता स्क्रू होता, पण तो धरायला काहीच नव्हतं. डिंक भरला, तो सुकेना. चिकटपट्टी लावली, ती पहिल्याच खर्जाला सुटली. काडेपेटीच्या काड्या हा अप्पांचा शेवटचा उपाय होता. तो केल्यावर पूल बांधणाऱ्या माणसाला काड्यांवर यावं लागलं याचं त्यांनाच वाईट वाटलं, कारण काड्याही टिकल्या नाहीत.

रविवारी पावणेअकराला दिवाणखान्यात अप्पा होते, इस्त्रीचा सदरा घातलेला दुकानदार होता आणि उजवा स्पीकर भर्र करत होता. अकराला निवेदिकेने मुलीचं नाव घेतलं. "अहो, डावाच ठेवू या का?" बायकोने हळूच विचारलं.

मापसाहेब जमिनीवर बसले. उजवा स्पीकर त्यांनी दोन गुडघ्यांमध्ये घेतला, डावा हात खोक्याभोवती टाकला आणि उजव्या अंगठ्याने वूफरची कड त्या भोकापाशी घट्ट दाबून धरली. भर्र थांबला.

"असे वीस मिनिटं?" दुकानदाराने विचारलं.

"शू!" अप्पा म्हणाले.

चेलो सुरू झाला. पहिल्या सुराबरोबर कपाटातले पेले किणकिणले आणि बायकोने तोंडाला पदर लावला. अप्पांनी डोळे मिटले. मापसाहेबांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचा कान खोक्याच्या लाकडाला चिकटला होता आणि तिथून ऐकायला येत होतं ते सगळं घुमून, एकात एक मिसळून. पाचव्या मिनिटाला नाकाला खाज सुटली. आठव्याला पायाला मुंग्या आल्या. बाराव्याला अंगठा आपला आहे की नाही याची खात्री राहिली नाही. दुकानदार एकदा उठून "मी धरू का?" असं खुणेने विचारून गेला. मापसाहेबांनी नाही म्हणून मान हलवली. अंगठ्याखाली एकेक सूर येत होता, खालचे सूर जाड आणि सावकाश, वरचे नुसते सुरसुरणारे. मधल्या खोलीत नऊ वर्षं बंद दाराआड जे चालायचं ते त्यांच्या हाताखाली चाललं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

कार्यक्रम संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मापसाहेब सोडून. पाच मिनिटांत मुलीचा फोन आला. बायकोने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. अप्पा "अप्रतिम!" म्हणून ओरडले. दुकानदाराने, ओळखदेख नसताना, "ताई, आवाज एकदम खणखणीत आला" असं सांगून टाकलं.

"खरंच चांगलं झालं?" मुलगी म्हणाली. "मी एका ठिकाणी चुकले. कोणाला कळलं का?"

"छे, छे! कुठे काय!" सगळे एकदम म्हणाले.

"शेवटाकडे," मापसाहेब म्हणाले. "सगळ्यात खालच्या तारेवर. लांब सूर होता, त्यावरून तुझं बोट जरासं आधी उठलं. मग तू लगेच परत टेकवलंस."

"बाबा," ती म्हणाली, "इथे स्टुडिओत शेजारी बसलेल्या माझ्या बाईंनासुद्धा ते कळलं नाही रे. तुला कसं कळलं?"

"माझा हात होता ना तिथे," मापसाहेब म्हणाले.

बायकोने फोन ठेवला, रेडिओ बंद केला आणि ती त्यांच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली.

"अहो, संपलं आता. काढा हात."

"काढतो," मापसाहेब म्हणाले, आणि तसेच दाबून बसून राहिले.